चिखलातली शेती आणि वाट पाहण्याचा खर्च

(एका मंडळीच्या स्त्रीसभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्या सभेने मला आधीच एक चिठ्ठी पाठवली होती. त्यात लिहिले होते की उपकारस्तुतीच्या रविवारी जमलेले दान यंदा खाडीकाठच्या कातकरी वाडीला द्यायचे आहे. चिखलात तिसऱ्यांची शेती करता येते असे आम्ही ऐकले. तर बांबू, जाळी आणि बी यांना खर्च किती येईल, तेवढे सांगा.

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. बांबू आणि जाळी यांचा खर्च फार नाही. तुमच्या एका रविवारच्या दानात पाच घरांचे सामान सहज येईल. पण त्या शेतीत बांबू आणि जाळीहून महाग अशी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे. त्यासाठी आधी तिसरी म्हणजे काय, ती कशी वाढते आणि ती वेचणारी माणसे कशी जगतात हे थोडे सांगावे लागेल.

मी मूळची नगरकडची, ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वीस वर्षांची झाल्यावर. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय आम्ही पाठ केला होता. पाण्यातल्या ज्या प्राण्यांना पर आणि खवले नाहीत ते खाऊ नयेत, असा नियम त्यात आहे. पुढे माझी नेमणूक झाली ती रायगड जिल्ह्याच्या खाडीकाठी, जिथे माणसे नेमक्या त्याच प्राण्यांवर जगतात! प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्राचा दृष्टान्त मला तिथे नीट समजला. असो. तुमच्यापैकी ज्या कोकणातल्या आहेत त्यांना तिसऱ्यांचे सुके आणि एकशिपी मी सांगायला नको. बाकीच्यांनी शेजारणीला विचारावे.

तिसरी हा दोन शिंपांच्या डबीत राहणारा जीव आहे. कुठे तिला शिवली म्हणतात, कुठे मुळे, कुठे नुसते शिंपले. जाती वेगवेगळ्या आहेत, राहणी बरीचशी सारखी. तिला डोके नसते. जिभेसारखा एक मांसल पाय असतो, त्याच्या जोरावर ती रेताड चिखलात शिरते. भरती आली की दोन बारीक नळ्या वर काढते. एका नळीने पाणी आत घेते, त्यातले डोळ्यांना न दिसणारे अन्न गाळून ठेवते आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. ओहोटी लागली की शिंपा मिटून घेते आणि पुढच्या भरतीपर्यंत स्वस्थ राहते.

यातच या शेतीचे मोठे बळ आहे. कोंबडीला दाणा लागतो, शेळीला पाला लागतो, कोळंबीच्या तळ्यात पोत्यांनी खाद्य ओतावे लागते. तिसरीला काही घालावे लागत नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिचे ताट वाढून जाते. ज्याच्याकडे जमीन नाही, विहीर नाही, जनावर नाही, त्याच्यासाठी यापेक्षा सोयीचे पीक शोधून सापडणार नाही.

आता वाडीतल्या माणसांबद्दल. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल हातचे गेले तसा तो धंदाही गेला. बहुतेकांच्या नावावर शेतजमीन नाही. कित्येक ठिकाणी झोपडीखालची जागासुद्धा दुसऱ्याची आहे. पावसाळ्यात भाताच्या लावणीची मजुरी मिळते, पुढे कापणीची. खाडीकाठच्या वाड्यांना त्याशिवाय चिंबोऱ्या, निवट्या, कालवे आणि तिसऱ्या यांचा आधार असतो.

तिसऱ्या वेचण्याचे काम बायकांचे. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून त्यांचे घड्याळ आपल्यासारखे नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप आत जाते आणि खूप बाहेरही जाते. तेव्हा मोठा चिखल उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत थोडाच पडतो. बायका गुडघाभर चिखलात वाकून चालतात आणि पायाच्या तळव्याने चाचपतात. बारीक दोन भोके दिसली की तिथे खुरप्याचे टोक घालतात. शिंपेची धार ब्लेडसारखी असते, त्यामुळे प्रत्येकीच्या पायावर वण आहेत. दोन-तीन तासांत पाणी फिरते आणि परतावे लागते. मग बाजारात रस्त्याच्या कडेला बसून वाटे लावायचे. पोलीस, दुकानदार, ऊन यांतून वाट काढत दुपारपर्यंत विकले तर विकले.

मी एकदा एका वेचणाऱ्या मावशींच्या टोपलीत पाहिले. निम्म्या तिसऱ्या नखाएवढ्या होत्या. मी म्हटले, "मावशी, या बारक्या का घेतल्या? दोन महिन्यांनी दुप्पट झाल्या असत्या." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी सोडली तर माझ्या मागची उचलंल. आणि दोन महिनं पोरं काय खातील?"

या दोन वाक्यांत सगळी अडचण आली. पहिले वाक्य आहे हक्काचे: सोडलेली वस्तू मला मिळेल याची खात्री नाही. दुसरे आहे भुकेचे: थांबायला माझ्याकडे दिवस नाहीत. तिसऱ्यांची शेती करायची असेल तर या दोन्ही वाक्यांना उत्तर द्यावे लागते. जाळी आणि बांबूने ते मिळत नाही.

शेती करतात ती कशी, ते सांगते. तिसरी अंडी पाण्यात सोडते. त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्ले दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि मग योग्य तळ मिळेल तिथे बसतात. खाडीत काही जागी हे बी इतके दाट पडते की मूठभर चिखलात कितीतरी निघतात. दाटीमुळे ती वाढत नाहीत आणि बरीच मरतात. शेती म्हणजे एवढेच करायचे: दाट जागचे बी उचलायचे आणि चांगल्या जागी विरळ पेरायचे. कोकणातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. भाताची रोपे एका कोपऱ्यात दाट वाढवून नंतर शेतभर लावतात, तसलीच ही लावणी, फक्त खाऱ्या पाण्यात.

जागा मात्र पारखून घ्यावी लागते. नुसता लोण्यासारखा चिखल असेल तर बी त्यात बुडून गुदमरते. नुसती रेव असेल तर लाटा ते हलवून नेतात. रेती आणि चिखल मिसळलेला, वाऱ्या-लाटांपासून आडोशाचा आणि ओहोटीला थोडाच वेळ उघडा पडणारा तळ उत्तम. फार वेळ उघडा पडला तर खायला वेळ कमी मिळतो आणि उन्हाने तापतो. जागा ठरली की बांबूचे खुंट ठोकून भोवती नायलॉनची जाळी लावायची आणि तिची खालची कड चिखलात पुरायची. आतले खेकडे आणि शिंपल्याला भोक पाडणाऱ्या गोगलगाई वेचून काढायच्या. मग पाणी चढत असताना बी सारखे पसरायचे. पुढे काम राखणीचे: जाळीवरचे शेवाळ काढणे, वाहून आलेला गाळ आणि प्लास्टिक हटवणे, मेलेल्या शिंपा बाहेर टाकणे, दाटी झाली तर पुन्हा विरळ करणे. पाच-सहा महिन्यांत माल बाजाराजोगा होतो. खुंटांसाठी तिवराची फांदीसुद्धा तोडायची नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून महाराष्ट्रात कांदळवन तोडायला बंदी आहे. शिवाय तिवरांच्या मुळांशीच तर खाडीचे अन्न तयार होते.

ही पद्धत आजची नाही. मलेशियाच्या पेराक राज्यात १९४८ च्या सुमारास चिखलाच्या किनाऱ्यावर रक्तशिंपल्यांची अशी शेती सुरू झाली. त्या शिंपल्याच्या अंगात आपल्या रक्तासारखेच लाल द्रव्य असते, म्हणून ते नाव. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आंध्रातल्या काकीनाडा उपसागरात त्याच जातीवर प्रयोग केले. म्हणजे विद्या उपलब्ध आहे. सल्ला हवा असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. ज्ञानावाचून काही अडलेले नाही.

मग अडते कुठे? कॅलेंडरवर बोट ठेवून पाहू या.

जून ते सप्टेंबर कोकणात मुसळधार पाऊस. डोंगरावरचे पाणी नद्यांतून खाडीत उतरते आणि खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते. तिसरी शिंपा मिटून काही दिवस तग धरते, पण पूर लांबला तर मरते. म्हणून नवखी शेती पावसाळ्यात ठेवता येत नाही. पाऊस ओसरल्यावर, पाणी पुन्हा खारट झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचे आणि मे संपण्याआधी सगळे काढून घ्यायचे. मधले सहा महिने राखायचे.

आता कातकऱ्यांचे कॅलेंडर पाहा. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी संपते आणि वाडीतली मजुरी थांबते. घरात दाणा उरत नाही. त्याच वेळी वीटभट्टीचा मुकादम वाडीत येतो आणि उचल देतो. रोख रक्कम हातात पडते. तिच्यात उधारी फिटते, पोरांना कपडे येतात, कुणाचे लग्न उरकते. बदल्यात सगळे कुटुंब लहान मुलांसकट भट्टीवर जाते ते मे महिन्यापर्यंत. शेवटी हिशेब होतो तेव्हा बऱ्याचदा अंगावर काहीतरी बाकी निघतेच आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्याला इतकी वर्षे होऊनही उचलीची ही दोरी तुटलेली नाही.

दोन्ही कॅलेंडरे शेजारी ठेवा. तिसऱ्या वाढायचे सहा महिने आणि कुटुंब भट्टीवर असायचे सहा महिने तेच आहेत. पेरणारा माणूस राखणीच्या दिवसांत वाडीत नसतोच. चिखलातली शेती फसते ती इथे.

आमच्या वाडीत हे डोळ्यांनी पाहिले. बचत गटातल्या पाच घरांनी एका वर्षी दिवाळीनंतर ओसरीएवढे दोन वाफे केले. बी चांगले रुजले. जानेवारी उजाडण्याआधी पाचपैकी तीन घरे भट्टीवर गेली, कारण उचल आधीच घेतलेली होती आणि ती फेडायला दुसरे काही नव्हते. राहिलेल्या दोन घरांतल्या बायका रोज वाफ्याकडे जायच्या, पण रात्रीच्या ओहोटीला कोण जाणार? फेब्रुवारीत एका सकाळी जाळी कापलेली आणि वाफा रिकामा. कुणी केले ते कळले नाही. कुणालाही भूक लागलेली असू शकते. पण मे महिन्यात परत आलेल्या तीन घरांना समजले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले. आपले असे काही टिकते, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

पुढच्या वर्षी गटातल्या बायकांनीच उपाय काढला. त्या म्हणाल्या, "जाळी राहू द्या, ताई. दिवाळी ते होळी एवढे तांदूळ द्या. उचल नाही घेणार." आम्ही हिशेब केला. एका घराला त्या चार महिन्यांचे तांदूळ, डाळ, तेल आणि थोडे आजारपणाला. ही रक्कम त्यांनी फुकट घेतली नाही. गटाच्या वहीत कर्ज म्हणून लिहिली, बिनव्याजी, माल विकल्यावर फेडायची. पाचपैकी चार घरे त्या वर्षी भट्टीवर गेली नाहीत. रात्रीच्या ओहोटीला पुरुष पाळीने कंदील घेऊन जाऊ लागले. दिवसा बाकीची मजुरीही मिळेल तशी केली. एप्रिलमध्ये माल काढला. सगळे कर्ज एका हंगामात फिटले नाही, हे प्रांजळपणे सांगते. पण त्या चार घरांतली मुले मार्च-एप्रिलमध्ये शाळेत होती आणि वार्षिक परीक्षेला बसली. भट्टीवर गेली असती तर ती कधीच बसली नसती.

म्हणून मघाशी म्हटले की सगळ्यांत महाग वस्तू दुकानात मिळत नाही. ती म्हणजे थांबायची ऐपत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांना ती इतकी सवयीची आहे की ती दिसतही नाही. बँकेत ठेव ठेवतो तेव्हा आपण थांबतो. मुलाला चार वर्षे शिकवतो तेव्हा थांबतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचे उदाहरण आहे. भूमीचे पीक हाती येईपर्यंत तो धीराने वाट पाहतो. पदविकेच्या वर्गात आम्ही त्यावर पानभर निबंध लिहिला होता. खाडीकाठी मला कळले की त्या शेतकऱ्याच्या कणगीत तेवढे दिवस पुरेल इतके धान्य होते. रिकाम्या कणगीच्या माणसाला धीराचा उपदेश करणे सोपे असते, कणगीत दोन पायली टाकणे थोडे अवघड.

आता मावशींच्या पहिल्या वाक्याकडे येते: "मी सोडली तर माझ्या मागची उचलंल." हा हक्काचा प्रश्न आहे आणि इथे आपल्याला फार जपून चालावे लागेल.

भरतीच्या रेषेखालचा चिखल सरकारचा असतो. त्यावर कुणाचाही सातबारा नाही. म्हणूनच तर तो गरिबांना उघडा राहिला. आज उठून आपण पाच घरांना जाळी दिली आणि त्यांनी चांगल्यात चांगला तुकडा वेढून घेतला, तर त्या तुकड्यावर काल वेचणारी सहावी बाई कुठे जाईल? शेजारच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या विधवा त्याच चिखलावर येतात. ज्या घरात कमावता पुरुष नाही, ज्या घरातली बाई गटात यायला घाबरते, तीही तिथेच येते. आपल्या दानाने एकाचे शेत झाले आणि दुसरीची ओंजळ गेली, तर ते दान देवासमोर कसे मांडायचे? लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावेत, असा नियम आहे. रूथ त्याच नियमावर जगली. शेताला कुंपण घालायची घाई झालेल्या प्रत्येकाने तो अध्याय आधी वाचावा, मग ते शेत जमिनीवरचे असो की चिखलातले.

यावर वाट कशी निघू शकते याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे, केरळमध्ये कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत. तिथली पिवळ्या पायाची तिसरी प्रसिद्ध आहे. १९८१ च्या सुमारास तिचे मांस परदेशी जाऊ लागले आणि उपसा वाढला. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे दहा हजार टन निघाले आणि १९९३ पर्यंत ते निम्म्यावर आले. लहान-मोठे सगळेच काढल्यावर दुसरे काय होणार? तेव्हा शास्त्रज्ञ, सरकारचे मत्स्य खाते आणि वेचणारे लोक यांनी मिळून नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात काढायचे नाही. जाळ्याचे छिद्र ३० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, म्हणजे बारके खाली पडतील. यंत्राने उपसायचे नाही. निर्यातीसाठी एका किलोत १४०० पेक्षा जास्त नग बसतील इतके बारीक मांस घ्यायचे नाही. व्यापाऱ्यानेच बारके नाकारले की काढणाऱ्याचा मोह आपोआप कमी होतो.

तिथे सगळी खाडी कुणी तुकड्या-तुकड्यांत वाटून घेतली नाही. सगळ्यांनी मिळून काही दिवस आणि काही माप सोडले. खाडी सावरली. २०१४ मध्ये या शिंपल्यांच्या मासेमारीला टिकाऊपणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. जगातल्या मोठमोठ्या बोटींच्या कंपन्या ज्यासाठी धडपडतात, ते होडीतून हाताने काढणाऱ्या आणि घरी मांस सोलणाऱ्या माणसांना मिळाले.

आमच्या खाडीत अष्टमुडीएवढा माल नाही आणि निर्यातही नाही. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे ते हे की सोडून देणे एकट्याने जमत नाही, सगळ्यांनी मिळून ठरवले तरच जमते. म्हणून आता वाडी आणि कोळीवाडा यांच्या बायका एकत्र बसतात. पहिल्या दोन बैठकांत नुसती भांडणे झाली. तिसऱ्या बैठकीत एका कोळणीने बांगडी काढून ठेवली आणि म्हणाली, "हिच्यातून पडेल ती टाकायची, अडकेल ती घ्यायची." आज दोन्हीकडच्या बायका ते माप वापरतात. सगळ्या पाळतात असे म्हणणार नाही, पण पूर्वी माप नव्हते, आता आहे. वाफे फक्त एका कडेला ठेवायचे, मधला चिखल सगळ्यांना मोकळा, असेही ठरले. सरकारी परवानगीचा अर्ज गटाच्या नावाने केला आहे आणि त्यात कोळीवाड्याच्या दोन बायकांची नावे आहेत. २००६ चा वनहक्क कायदा वनक्षेत्रातल्या पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पादनांवर आदिवासींचा सामूहिक हक्क मानतो. आपल्याकडचे बरेच कांदळवन आता वनक्षेत्र आहे, म्हणून तिवराच्या कडेच्या भागासाठी त्या बाजूनेही प्रयत्न चालू आहे. कागदाला वेळ लागतो. तोही थांबण्याचाच एक प्रकार.

आणखी एक सावधगिरी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी आमच्या गटाच्या तिसऱ्या विकत घ्याल अशी मला आशा आहे. तिसरी पाणी गाळते, म्हणजे पाण्यातली घाणही तिच्या पोटात साठते. गटाराच्या किंवा कारखान्याच्या पाण्याजवळ ही शेती करायची नाही. तिथले पीक कितीही जोमाचे दिसले तरी विषाचे असू शकते. काढलेला माल एक दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवला की पोटातली रेती आणि बरीच घाण ती स्वतःच टाकते. कारखान्याचे विष मात्र तेवढ्याने जात नाही, म्हणून जागा स्वच्छ असणे पहिले. घरी आणल्यावर उघड्या शिंपेवर टिचकी मारा. जिवंत असेल ती मिटेल, मिटली नाही तर टाकून द्या. आणि शिजवल्यावर जी उघडत नाही तीही खाऊ नका. गरिबाकडून घेतले म्हणून आंधळेपणाने घ्यावे, असे मी म्हणणार नाही. चांगला माल मागा आणि चांगला भाव द्या. गटातल्या बायकांचाही मान त्यातच आहे.

तर आता तुमच्या चिठ्ठीचे उत्तर. तुमच्या दानातून तीन गोष्टी व्हाव्यात अशी वाडीतल्या बायकांची विनंती आहे, आणि ती मी जशीच्या तशी तुमच्यापुढे ठेवते.

पहिली, दानाचा मोठा भाग दिवाळी ते होळी या महिन्यांच्या धान्यासाठी ठेवा. तो गटाच्या वहीत बिनव्याजी कर्ज म्हणून जाईल आणि फिटेल तसा दुसऱ्या घराला मिळेल. तुमचे पैसे एकदाच खर्च होणार नाहीत. दुसरी, थोडी रक्कम बांबू, जाळी, कंदील आणि पायांत घालायच्या रबरी बुटांसाठी. बूट विसरू नका. ते वण मी पाहिले आहेत. तिसरी विनंती पैशाची नाही. तीन वर्षे आमच्याबरोबर राहा. पहिल्या एप्रिलला छायाचित्र मागू नका, किती टोपल्या निघाल्या ते विचारू नका. एखादे वर्षी पूर लवकर येईल, एखादे वर्षी बी कमी पडेल, एखादे घर शेवटी भट्टीवर जाईल. तेव्हा पुढच्या उपकारस्तुतीला दुसरे काम शोधू नका.

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात मी एक पाहिले आहे. संस्था येतात, शिलाई यंत्रे देतात, कोंबड्या देतात, पाटी लावतात आणि वर्षाच्या शेवटी अहवाल लिहून जातात. लोकही शहाणे झाले आहेत. दिलेले घेतात आणि फार मनावर घेत नाहीत, कारण देणारा टिकणार नाही हे त्यांना ठाऊक असते. कातकऱ्यांना धीर नाही, ते उद्याचा विचार करत नाहीत, असे बोलणारे मला मोठ्या पदांवर भेटले आहेत. मी त्यांना सांगते, डिसेंबरच्या रात्री अडीच वाजता ओहोटीला कंदील घेऊन चिखलात उभा राहिलेला माणूस येऊन पाहा. उद्यासाठीच तो तिथे उभा असतो. त्याला उद्या मिळेल एवढी खात्री कुणीतरी द्यायला हवी.

बाकी पेरणे त्यांना येते, राखणे येते, माप ठरवणे तर त्यांनी आम्हाला शिकवले. वाढवणारा देव आहे, भरती त्याची आहे. आपल्या वाट्याला काम आले आहे ते मधल्या महिन्यांचे. दिवाळी जवळ आली आहे आणि मुकादम लवकरच वाडीत येईल. त्याच्या आधी आपले धान्य पोहोचावे, एवढीच प्रार्थना आणि एवढीच विनंती.